त्याला प्यायला काय द्यायचं?

टेम्पो ट्रॅव्हलरचं फिरतं घर करायचं म्हणून मागच्या सीटा काढून तिथं पलंग, ओटा आणि पाण्याची टाकी बसवेपर्यंत घरात एकमत असतं. भांडण पेटतं ते जनरेटरपाशी: तो कुठल्या इंधनाचा घ्यायचा? त्यात आपलं गाव बेळगाव. अर्धं गाव उद्यमबागेतल्या कारखान्यांत लेथवर नाहीतर फाउंड्रीत, आणि उरलेल्या अर्ध्याचे मेव्हणे तिथं. इंजिनाबद्दल मत नसलेला माणूस इथं मला अजून भेटायचाय.

"डिझेल घे. ट्रक कशावर चालतोय?" हे मामांचं. "पेट्रोलचं घ्या वो, एका हातानं उचलतंय की," हे मंडपवाल्यांचं. "गॅसवर चालवा, धूर नाही काय नाही," असं सांगणाऱ्यानं स्वतः फक्त शेगडी चालवलेली असते. तिघंही खात्रीनं बोलतात, आणि गाडीत काय काय चालवायचंय हे तिघांपैकी एकानंही विचारलेलं नसतं.

खरं तर सुरुवात तिथूनच करायची. वहीचं एक पान घ्यायचं आणि घरातल्या प्रत्येकाला काय लागतं ते लिहून काढायचं. बारा व्होल्टचा छोटा फ्रिज ५०-६० वॅट. कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा ३० वॅट. पाण्याचा पंप ६० वॅट, तोही नळ उघडला तेवढ्यापुरता. इथवर सगळं गोड. मग आत्याचा मिक्सर येतो, ७५० वॅट, कारण "वाटलेल्या चटणीची चव पाट्यावर, पण पाटा कोण उचलणार?" मग बाबांची इस्त्री, १००० वॅट. जंगलात इस्त्री कशाला, हा प्रश्न मनातच ठेवायचा. मग इंडक्शन, १८०० ते २००० वॅट. गिझर कुणी लिहायला घेतला तर त्याच्या हातातलं पेन काढून घ्यायचं. तो एकटाच २००० ते ३००० वॅट खातो, आणि आंघोळीचं पाणी चुलीवर तापतं ही विद्या आपण अजून विसरलेलो नाही.

शेवटी एसी. सगळा निकाल तोच लावतो.

एक टनाचा जुन्या पद्धतीचा एसी चालताना ११००-१२०० वॅट घेतो. कॉम्प्रेसर सुरू होताना मात्र तो क्षणभर चार-पाच पट करंट ओढतो. छोट्या जनरेटरचा आवाज त्या क्षणी "ह्ंऽऽ" असा खाली जातो, दिवे पिवळे पडतात आणि ब्रेकर उडतो. इन्व्हर्टर एसी हळूहळू वेग घेतो, त्यामुळे तो धक्का बसत नाही. म्हणून माझं पहिलं मत असं, की जनरेटर मोठा घेण्याआधी एसी शहाणा घ्यावा. इस्त्री, मिक्सर आणि इंडक्शन एका वेळी लावायचं नाही, एवढं घरच्यांना पटलं तरी अर्धा जनरेटर वाचतो. पटत नाही ही गोष्ट वेगळी.

आता जनरेटरच्या पाटीवरचा आकडा. अडीच केव्हीए लिहिलंय म्हणजे अडीच हजार वॅट नव्हेत. पॉवर फॅक्टर, म्हणजे त्यातला खरोखर कामाला येणारा हिस्सा, ०.८ धरला तर झाले २०००. त्यात बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच. हवा विरळ होते तसं साध्या इंजिनाचं बळ दर तीनशे मीटरला अंदाजे साडेतीन टक्के घटतं. म्हणजे टिळकवाडीत उभं राहूनच नऊ टक्के गेले. उरले १८२०. सतत चालवायचं तर त्याच्या ऐंशी टक्क्यांवर थांबावं, की हातात येतात साडेचौदाशे. दुकानदार २५०० विकतो आणि आपण १४५० घरी आणतो. चोर्ला घाट उतरून गोव्यात साखळीला पोचलं की ते नऊ टक्के परत मिळतात खरे, पण तिथल्या घामात एसी दुप्पट राबतो, मग हिशोब होता तिथंच.

हे झालं बळाचं. आता प्यायला काय द्यायचं ते.

पेट्रोलवाले इन्व्हर्टर जनरेटर दिसायला देखणे. दोन केव्हीएचा वीस-पंचवीस किलोचा, हँडल धरून उचलायचा. लोड कमी असला की इंजिनाचा वेगही कमी होतो, म्हणून आवाज आणि खर्च दोन्ही आटोक्यात. साध्या जनरेटरला मात्र पन्नास हर्ट्झ टिकवायला एक दिवा लावला तरी मिनिटाला तीन हजार फेऱ्यांनी पळावं लागतं, म्हणजे लिंबू आणायला बुलेट काढल्यासारखं. ढोबळ हिशोब असा, की छोटं पेट्रोल इंजिन लिटरमागे दोन युनिट वीज देतं. रात्रभर इन्व्हर्टर एसी सरासरी ६०० वॅटनं आठ तास चालला तर पावणेपाच युनिट, म्हणजे अडीच लिटर पेट्रोल. तेवढीच वीज छोट्या डिझेल इंजिनातून पावणेदोन-दोन लिटरमध्ये निघते, गॅसवर दोन किलोच्या आसपास.

पेट्रोलचं दुखणं चालवताना नाही, न चालवताना आहे. आपल्याकडं जूनमध्ये गाडी शेडमध्ये जाते ती ऑक्टोबरलाच बाहेर निघते. बेळगावजवळच्या खानापूरच्या पावसात, आणि आमगावच्या बाजूला तर विचारूच नका, कपाटातला पट्टासुद्धा बुरशीनं हिरवा होतो. तिथं टाकीत अर्धवट पेट्रोल ठेवायचं म्हणजे संकटाला मुक्कामाला बोलावणं. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि त्यातलं बरंचसं आपल्याच भागातल्या उसाचं. शिवारातला ऊस कारखान्यात जातो, तिथून पंपावर येतो आणि पंपावरून आपल्या कार्बोरेटरात, म्हणजे इंजिनाआधी पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या भागात, येऊन बसतो. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी फार झालं की ते इथेनॉलला हाताशी धरून टाकीच्या तळाशी जाऊन बसतं, आणि इंजिनाला जाणारी नळी नेमकी तळातूनच निघते. पेट्रोल स्वतः दोन-तीन महिन्यांत शिळं होऊन चिकट होतं ते वेगळंच.

ऑक्टोबरात दोरी ओढून ओढून खांदा निखळायला आला की दहा नंबरचा पाना घ्यायचा आणि कार्बोरेटरची वाटी उघडायची. तळाशी काकवीच्या रंगाचा थर असतो, जुन्या व्हार्निशचा वास येतो. मधल्या पितळी जेटचं, म्हणजे पेट्रोल जायच्या तोटीचं, भोक मिलिमीटरहून बारीक. ते उजेडाकडं धरलं की पलीकडचं दिसायला पाहिजे. दिसत नाही. तिथं टाचणी किंवा लोखंडी तार खुपसायची नाही, भोक मोठं होऊन पेट्रोल कायमचं जास्त जाईल. विजेच्या वायरीतली तांब्याची एकच काडी पुरते, मग कार्ब क्लीनरचा फवारा. हे सगळं टाळायला मे महिन्यातच पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, वाटीखालचा स्क्रू सैल करून उरलेले थेंब काढायचे. सगळी मिळून पाच मिनिटं लागतात. पण मे महिन्यात कुणाला सांगायला जावं तर "बघूया की" एवढंच उत्तर मिळतं.

शिवाय पेट्रोल वेगळं न्यायचं म्हणजे पत्र्याचा घट्ट झाकणाचा कॅन पाहिजे. पंपावर प्लॅस्टिकची बाटली पुढं केली की तिथला पोरगा मान हलवतो, आणि आपण कितीही "स्वल्प अडजस्ट माडी" (जरा सांभाळून घ्या) केलं तरी त्याचंच बरोबर असतं. कॅन गळ्यापर्यंत भरायचा नाही, उन्हात पेट्रोल फुगतं. आणि कॅन झोपायच्या भागात ठेवायचा नाही, एक रात्रसुद्धा नाही.

मामांचं डिझेल आता. त्यांच्या म्हणण्यात एक मुद्दा बिनतोड आहे: गाडी डिझेल पिते, जनरेटरही तेच पिईल, दोन भांडी कशाला? गाडीच्या टाकीतून जनरेटरला वेगळी नळी घेता येते. पण ती नळी तळापर्यंत सोडायची नाही. टाकीत पाव हिस्सा डिझेल शिल्लक राहील अशा उंचीवर कापायची. नाहीतर रात्रभर गारेगार झोपून सकाळी कळतं, की एसीनं पंपापर्यंत जायचं डिझेलही पिऊन टाकलंय. मधे पाणी वेगळं करणारा फिल्टर लावायचा आणि पावसाळ्याआधी टाकी भरून ठेवायची. रिकाम्या जागेत दव धरतं, त्या पाण्यात शेवाळासारखा गाळ वाढतो.

डिझेल संपेपर्यंत चालवलं की लाईनीत हवा शिरते. मग फिल्टरवरचा हवा काढायचा नट दोन आटे सैल करून हातपंप मारत बसायचं. फेस येतो, बुडबुडे येतात, मग सलग धार येते, तेव्हा धार चालू असतानाच नट आवळायचा. हाताला लागलेला वास दोन दिवस जात नाही, पुरणपोळीलाही डिझेल लागतं.

मोठा दोष वजनाचा आणि आवाजाचा. पाच केव्हीएचा बंद पेटीतला डिझेल सेट दीडशे किलोच्या वर जातो. मागच्या चाकांच्याही मागं एका कोपऱ्यात तो टांगला की गाडी त्या अंगानं बसते, म्हणून शंभर लिटरची पाण्याची टाकी दुसऱ्या अंगाला घ्यायची. तिसरी गोष्ट लोक विसरतात. डिझेल इंजिनाला आळस मानवत नाही. पाच केव्हीएच्या सेटवर दोन पंखे आणि मोबाईल लावून रात्र काढली तर इंजिन पुरेसं तापत नाही, न जळलेलं डिझेल सायलेन्सरमधून काळं तेल होऊन ठिबकतं. तीस टक्क्यांच्या खाली तासन्‌तास चालवायचं नसतं. म्हणजे "मोठाच घ्या, असू दे" हा आपला आवडता सल्ला इथं उलटा पडतो.

गॅसचं थोडक्यात सांगतो. गॅस शिळा होत नाही, कार्बोरेटर खात नाही, तेलही बराच काळ स्वच्छ राहतं. पण पेट्रोलच्या मानानं ताकद दहा टक्क्यांनी कमी, म्हणजे आपले १४५० आता १३०० झाले. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर जनरेटरला लावणं बेकायदा. पाच किलोचा छोटा किंवा व्यापारी १९ किलोचा घ्यायचा. सिलिंडर उभाच पाहिजे, आडवा पडला तर वाफेऐवजी पातळ गॅस रेग्युलेटरात शिरतो. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साठतो, म्हणून त्याच्या कप्प्याला तळाशी जाळी आणि आतल्या बाजूला एकही फट नको. आंबोलीच्या थंडीत छोट्या सिलिंडरवर मोठा लोड टाकला की बाहेरून घाम, मग गारठा, आणि दाब पडतो. सिलिंडरला गोधडी गुंडाळणारे महाभाग असतात. त्याचा उपयोग शून्य. त्याला बाहेरचीच ऊब लागते, गोधडी ती अडवते.

रॉकेलचं नाव काढणारे एक काका प्रत्येक घरात असतात. पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायचे सेट जत्रेत, लग्नात घुमायचे हे खरं. आता रॉकेल आणणार कुठनं, हे विचारलं की काका चहा मागतात.

इंधन ठरलं तरी एका गोष्टीत चेष्टा चालत नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साईड दिसत नाही, वास येत नाही, आणि झोपलेल्या माणसाला उठवत नाही. पाऊस आला म्हणून जनरेटर गाडीखाली ढकलायचा नाही. बाजूचे पडदे सोडलेल्या छताखालीही ठेवायचा नाही. सुटा असेल तर निदान वीस फूट लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, धुराचं तोंड पलीकडं. गाडीत बसवलेला असेल तर कप्पा पत्र्यानं मढवून आतल्या बाजूनं पूर्ण बंद करायचा आणि सायलेन्सरची नळी गाडीच्या कडेबाहेर काढायची, पोटाखाली सोडायची नाही. आपल्याकडं दार डावीकडं, म्हणून धूर उजवीकडं मागं. उशीच्या उंचीवर कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म लावायचा. यातलं काही खर्चिक वाटत असेल तर एसी रद्द करा.

वायरमनची गंमत वेगळीच. छोट्या जनरेटरचा न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, बहुधा कशालाच जोडलेला नसतो. त्यामुळं टेस्टर सॉकेटच्या दोन्ही भोकांत मिणमिणतो, आणि गल्लीतला वायरमन "दोन्हीकडं फेज आलीय वो!" म्हणत मागं सरतो. अशा वेळी गाडीतला तीस मिलिअँपियरचा ईएलसीबीही, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारा स्विच, गप्पच बसतो. न्यूट्रल आणि अर्थ जनरेटरच्या प्लगमध्येच जोडावेत, गाडीच्या वायरिंगमध्ये नाही. आणि घरची लाईन व जनरेटर यांच्यामध्ये दोन्ही तारा बदलणारा चेंजओव्हर स्विच पाहिजे, म्हणजे दोघं कधी समोरासमोर येणार नाहीत.

घाटातलं एक कोडंही सांगून ठेवतो. उतारावर गाडी लावली, जनरेटर सुरू केला, दोन मिनिटांत बंद. पुन्हा दोरी, पुन्हा बंद. पेट्रोल आहे, प्लग ठिणगी देतोय, मामांना फोन झालाय. कारण एवढंच असतं, की तेल एका बाजूला गेलंय आणि कमी तेलाचा सेन्सर इंजिन मारतोय. चारी पायांखाली सपाट दगड द्यायचे. तेल तसंही पाहायचंच: पहिलं वीस तासांनी बदलायचं, पुढं दर शंभर तासांनी, लागतं अर्धा-पाऊण लिटर. गळीत हंगामात पाचट पेटतं तेव्हा हवेत काळ्या काड्या उडत असतात, खानापूरकडं लाल माती. एअर फिल्टरचा स्पंज साबणानं धुऊन, वाळवून, तेलाचे चार थेंब चोळून बसवायचा.

मला विचाराल तर दोन केव्हीएचा पेट्रोल इन्व्हर्टर जनरेटर आणि पाच युनिटची लिथियम बॅटरी, वजन सगळं मिळून पाऊणशे किलो. संध्याकाळी पाच तास जनरेटर चालवून बॅटरी भरायची, मिक्सर-इस्त्री त्याच वेळात उरकायची, आणि दहा वाजता बंद. रात्री दहा ते सहा आवाज करू नये असा नियमच आहे, आणि शेजारी झोपलेल्यांचाही आहे. एसी तेवढ्या बॅटरीवर पहाटेपर्यंत जेमतेम पुरतो, चोर्ल्यावर तर खिडकी उघडली तरी भागतं.

दहाला बटण दाबलं की इंजिन दोन आचके देऊन थांबतं, बेडूक ऐकू यायला लागतात. गाडीतले दिवे बॅटरीवर तसेच चालू असतात. तरी आतून आत्याचा आवाज येतोच, "करंट गेलं काय रे?"