‘रक्त आपलेच, मग भीती कसली?’: पीआरपीविषयीच्या एका संदेशाचा प्रतिवाद

केसगळती आणि सुरकुत्या यांवरच्या पीआरपी (प्लेटलेट-रिच प्लाझ्मा) उपचाराची भलामण करणारा एक संदेश सध्या कौटुंबिक गटांतून फिरतो आहे. त्याचा आशय थोडक्यात असा : तुमच्याच रक्तातील स्टेम सेल (नव्या पेशी बनवू शकणाऱ्या मूळ पेशी) वेगळ्या काढून पुन्हा टोचल्या जातात, रक्त आपलेच असल्यामुळे दुष्परिणाम शून्य, हे सगळे शास्त्राने सिद्ध झालेले आहे, तीन सिटिंगमध्ये टक्कल भरते, चेहरा दहा वर्षांनी तरुण होतो आणि औषधांची कटकट कायमची संपते. यातील एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही. तरीही पीआरपी म्हणजे निव्वळ थोतांड असे म्हणून मोकळे होणे अप्रामाणिकपणाचे ठरेल, कारण केसगळतीच्या एका विशिष्ट, म्हणजे आनुवंशिक, प्रकारात त्याचा काही उपयोग होतो असे दाखवणाऱ्या चाचण्या झालेल्या आहेत. संदेशाची गोम वेगळीच आहे. ‘रक्त आपलेच’ हे एक खरे वाक्य त्यात आहे आणि बाकीची विधाने त्याच्या आडोशाने आत शिरली आहेत.

स्टेम सेलचा मुद्दा एका परिच्छेदात निकालात निघतो. पीआरपी म्हणजे प्लेटलेटचे प्रमाण वाढवलेला प्लाझ्मा, अर्थात रक्तातला द्रव भाग. दंडातून रक्त काढतात, ते गोठू नये म्हणून त्यात सायट्रेटसारखे द्रव्य असते, मग ते सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तांबड्या पेशी तळाशी बसवतात आणि वरच्या पिवळसर द्रवातला प्लेटलेटयुक्त भाग सुईने टोचतात. डेंगीच्या साथींमुळे प्लेटलेट हा शब्द आपल्याकडे घराघरांत पोहोचलेला आहे. निरोगी माणसाच्या रक्तात दर मायक्रोलिटरमागे त्या साधारण दीड ते साडेचार लाख असतात. प्लेटलेट म्हणजे अस्थिमज्जेतील एका मोठ्या पेशीचे तुटलेले तुकडे. त्यांना केंद्रक नसते, त्यांचे विभाजन होत नाही, त्यांच्यापासून केसाची किंवा त्वचेची नवी पेशी बनू शकत नाही. जखम झाली की प्लेटलेट इतर पेशींच्या वाढीला चालना देणारी काही प्रथिने सोडतात आणि त्याच गुणावर या उपचाराची सारी कल्पना उभी आहे. कल्पना तर्काला धरून आहे, पण तिला स्टेम सेलचे नाव देणे चूक आहे.

दुसरा दावा दुष्परिणाम शून्य असल्याचा, आणि सर्वांत घातक तोच आहे. स्वतःच्याच रक्तातला घटक असल्यामुळे शरीर तो परका म्हणून नाकारण्याचा धोका जवळजवळ नसतो, हे मान्य. परंतु टोचण्याच्या प्रक्रियेतला धोका रक्त कोणाचे आहे यावरच अवलंबून नसतो. वेदना, सूज, काळेनिळे डाग या किरकोळ गोष्टी सोडून देऊ. डोळ्यांच्या आसपास पीआरपी टोचल्यावर एका डोळ्याची दृष्टी कायमची गेल्याची प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. चेहऱ्यावरच्या रक्तवाहिन्यांचा डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी संबंध असतो आणि तिथे अडथळा निर्माण झाला तर दृष्टिपटलाचा रक्तपुरवठा तुटतो. अशी प्रकरणे विरळ आहेत, पण विरळ आणि शून्य यांत एका माणसाच्या डोळ्याएवढे अंतर आहे.

याहून बोलके उदाहरण अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्याच्या अल्बुकर्की शहरातले आहे. तेथील एका स्पामध्ये ‘व्हॅम्पायर फेशियल’ या नावाने, म्हणजे चेहऱ्यावर बारीक सुया टोचून त्यावर पीआरपी लावण्याचा, उपचार केला जात असे. २०१८ साली तिथे गेलेल्या एका स्त्रीला एचआयव्हीची लागण झाल्याचे उघडकीस आले आणि त्याच वर्षी तो स्पा बंद करण्यात आला. तपासणीत स्वयंपाकघराच्या ओट्यावर नावाची चिठ्ठी नसलेल्या रक्ताच्या नळ्या सापडल्या, फ्रिजमध्ये खाद्यपदार्थांशेजारी रक्ताच्या नळ्या आणि टोचायची द्रव्ये ठेवलेली होती, वेष्टन नसलेल्या सिरिंज इकडेतिकडे पडलेल्या होत्या. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात तीन स्त्रियांना ही लागण बहुधा त्या स्पातूनच झाली असावी असा निष्कर्ष काढला. स्पाची मालकीण परवान्याविना वैद्यकीय व्यवसाय केल्याबद्दल तुरुंगात गेली. ‘रक्त आपलेच’ हे वाक्य त्या स्पातही खरे मानले गेले असणार; नळीवर नाव नसेल तर ते खरे आहे हे ठरवायचे कोणी आणि कशावरून? शिवाय सुई, कुपी आणि टेबल तर आपले नसतेच. आपल्याकडे ब्युटी पार्लरमध्ये, पदवीचा पत्ता नसलेल्या माणसाच्या हातून हा उपचार करून घेणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा.

आता ‘शास्त्राने सिद्ध’ या विधानाकडे वळू. पीआरपी ही केसांसाठी शोधलेली गोष्ट नव्हे. १९९८ मध्ये अमेरिकेत जबड्याच्या हाडाच्या शस्त्रक्रियेत तिचा वापर झाल्याचा अभ्यास गाजला आणि तिथून ती अस्थिरोग, क्रीडावैद्यक, पुढे त्वचारोग असा प्रवास करत आली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पीआरपी बनवणाऱ्या उपकरणांना दिलेली संमती प्रामुख्याने शस्त्रक्रियेत बसवायच्या हाडाच्या कलमात (ग्राफ्टमध्ये) मिसळण्यासाठी आहे. केस आणि सुरकुत्या यांसाठी होणारा वापर त्या संमतीच्या बाहेरचा आहे.

चाचण्यांचे निकाल एकमुखी नाहीत. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासात २० पुरुषांच्या डोक्याच्या अर्ध्या भागावर पीआरपी आणि अर्ध्या भागावर नुसते सलाइन, म्हणजे औषध नसलेले मिठाचे पाणी, टोचण्यात आले. तीन वेळा उपचार केल्यानंतर पीआरपीच्या बाजूला दर चौरस सेंटिमीटरमागे सरासरी सुमारे ४६ केस वाढलेले आढळले. हा निकाल जाहिरातींत आवर्जून दिसतो. त्याच अभ्यासात वर्ष उलटल्यानंतर चौघांची गळती पुन्हा सुरू झाली, हे मात्र जाहिरातींत दिसत नाही. २०१६ मध्ये २६ स्त्रियांवर झालेल्या अमेरिकी चाचणीत पीआरपी आणि सलाइन यांच्यात लक्षणीय फरक आढळला नाही. अर्थात त्यात एकदाच टोचलेले होते, त्यामुळे समर्थक त्यावर आक्षेप घेतात आणि तो आक्षेप अगदीच गैरलागू नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेली, ३५ जणांवरची चाचणी मला सर्वांत विचार करायला लावणारी वाटते, कारण तिथे पीआरपी टोचलेल्या जागी केस वाढले, पण सलाइन टोचलेल्या जागीही वाढले आणि दोहोंत लक्षणीय फरक उरला नाही.

सलाइननेही केस कसे वाढतात, याचा एक धागा मुंबईत सापडतो. शीवच्या लोकमान्य टिळक महापालिका वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी २०१३ मध्ये १०० पुरुषांवरची एक चाचणी प्रसिद्ध केली. निम्म्यांना फक्त मिनॉक्सिडिल हे टाळूला लावायचे केसवाढीचे औषध दिले आणि निम्म्यांना मिनॉक्सिडिलच्या जोडीने आठवड्यातून एकदा टाळूवर सुयांचा रोलर फिरवला. बारा आठवड्यांनंतर पहिल्या गटात मोजलेल्या जागेत सरासरी २२ केस वाढले होते, तर रोलरच्या गटात ९१. म्हणजे सुईने केलेल्या सूक्ष्म जखमेलाच केसांची मुळे प्रतिसाद देत असण्याची शक्यता आहे. पीआरपीच्या प्रत्येक उपचारात सुई असतेच; तेव्हा यशाचे किती श्रेय सुईचे आणि किती प्लाझ्माचे, हे सलाइनशी तुलना केल्याशिवाय सांगता येत नाही, आणि क्लिनिकच्या भिंतीवरच्या ‘आधी-नंतर’ छायाचित्रांत सलाइनची बाजू कधीच नसते.

यात भर म्हणजे पीआरपी हे एका ठरावीक औषधाचे नाव नाही. रक्त किती घेतले, किती वेगाने फिरवले, एकदा की दोनदा, पांढऱ्या पेशी ठेवल्या की काढल्या, यानुसार सिरिंजमधला पदार्थ बदलतो. मिनॉक्सिडिलच्या बाटलीवर पाच टक्के असे छापलेले असते. पीआरपीत प्लेटलेट किती आहेत हे मोजल्यावाचून डॉक्टरलाही कळत नाही.

तीन सिटिंगमध्ये टक्कल भरण्याच्या दाव्याबाबत एवढेच की, जिथे केसांची मुळे क्षीण झाली आहेत पण जिवंत आहेत तिथेच कोणताही उपचार काही करू शकतो. गुळगुळीत, चकाकणाऱ्या टाळूवर मुळेच उरलेली नसतात. उलट, डेंगी, टायफॉइड किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस गळतात, ती गळती बहुतेकांची सहा महिन्यांच्या आसपास आपोआप थांबते. या काळात कोणी पीआरपी करून घेतले, तर श्रेय त्यालाच मिळते. मैत्रिणीला गुण आला ही हकिकत खरी असू शकते आणि तरीही तिच्यातून काही सिद्ध होत नाही.

चेहऱ्याच्या बाबतीत पुरावा आणखी पातळ आहे. २०१८ मध्ये अमेरिकेत झालेल्या चाचणीत २७ जणांच्या एका गालावर पीआरपी आणि दुसऱ्यावर सलाइन टोचले. कोणत्या गालाला काय टोचले हे माहीत नसलेल्या त्वचारोगतज्ज्ञांना सहा महिन्यांनंतर दोन्ही गालांत लक्षणीय फरक दिसला नाही. उपचार घेणाऱ्यांना मात्र पीआरपीचा गाल अधिक नितळ वाटला. त्यांचे समाधान मी खोटे म्हणणार नाही. पण दहा वर्षांचे तारुण्य म्हणजे हे नव्हे. साध्या सनस्क्रीनचा पुरावा याहून भक्कम आहे : ऑस्ट्रेलियात ९०० हून अधिक लोकांवर साडेचार वर्षे चाललेल्या चाचणीत, रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेवर वार्धक्याच्या खुणा, मर्जीनुसार लावणाऱ्यांच्या तुलनेत २४ टक्के कमी आढळल्या.

राहता राहिली औषधे. आनुवंशिक टक्कल पडते ते डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाच्या परिणामामुळे केसांची मुळे हळूहळू आक्रसत गेल्याने, आणि पीआरपीमुळे ते संप्रेरक कमी होत नाही. पुरुषांसाठीचे फिनास्टेराइड ते कमी करते; मिनॉक्सिडिल वेगळ्या वाटेने केसांचा वाढीचा काळ लांबवते. दोन्ही थांबवली की लाभ ओसरतो, ही तक्रार रास्त आहे, पण पीआरपीचेही तसेच आहे : पहिल्या तीन मासिक सत्रांनंतर दर काही महिन्यांनी ते पुन्हा करावे लागते, दर वेळी काही हजार रुपये मोजून. म्हणूनच जबाबदारीने पीआरपी करणारे त्वचारोगतज्ज्ञ ते सहसा औषधांच्या जोडीला देतात, औषधांऐवजी नाही. ‘औषधांची कटकट संपते’ हे वाक्य वाचून एखाद्याने चालू असलेले मिनॉक्सिडिल बंद केले, तर पुढच्या काही महिन्यांत गळणारे केस पाहून तो पीआरपीलाच नावे ठेवील, आणि तेव्हा संदेशाने सर्वाधिक नुकसान केलेले असेल ते त्या डॉक्टरांच्या कामाचेच.