डोक्याला मार लागलेल्याच्या घरच्यांना दोष देण्याआधी

नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. डोक्याला मार लागला तरी स्कॅन नॉर्मल आला की चिंता मिटली. वर्षभरात माणूस पूर्ववत होतो. पुढेही चिडचिड, आळस दिसला तर तो घरच्यांच्या लाडांचा परिणाम. आणि असे संसार बहुतेक मोडतातच. यातलं एकही विधान टिकत नाही, आणि ज्या घरात असा माणूस आहे त्या घराला ती फार लागतात.

आधी स्कॅन. रक्तस्राव, सूज, कवटीचं फ्रॅक्चर सीटीत दिसतं आणि त्यावरून जीव वाचतात. पण गाडीवरून आपटल्यावर मेंदूला हिसका बसून पेशींचे बारीक तंतू ताणले जातात, तुटतात. ही इजा सीटीत बरेचदा दिसतच नाही.

वर्षभराचं म्हणाल, तर स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत संशोधक नील ब्रुक्स आणि सहकाऱ्यांनी डोक्याला गंभीर इजा झालेल्यांच्या नातेवाइकांनाच वर्षानुवर्षं विचारलं. ‘स्वभाव बदलला’ असं तीन महिन्यांनी 49 टक्के जण म्हणाले, वर्षाने 60 टक्के, पाच वर्षांनी 74 टक्के. घरच्यांवरचा ताणही पाचव्या वर्षी पहिल्या वर्षापेक्षा जास्त होता, आणि तो सगळ्यात जास्त जोडलेला होता बदललेल्या वागण्याशी. हे 1986 साली छापून आलंय. तरीही अशा माणसाच्या बायकोला आपण म्हणतो, ‘हातपाय धड आहेत ना, मग कसली काळजी?’

लाडांचा आरोप मला सगळ्यात अन्यायाचा वाटतो. कपाळामागचा मेंदूचा भाग दुखावला की काम येत असूनही ते सुरू करणं जमत नाही. टॉवेल हातात घेऊन माणूस पलंगाच्या कडेवर अर्धा तास बसून राहतो. आंघोळ कशी करायची ते त्याला ठाऊक असतं, पण कुणी ‘उठा’ म्हटल्याशिवाय तो उठत नाही. तपासणीच्या शांत खोलीत मात्र ‘आता हे करा’ सांगणारं कुणी समोर असतं, म्हणून तिथे तो छान उत्तरं देतो. न्यूरोसायकॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदूचा विचार-वागण्याशी असलेला संबंध तपासणाऱ्या तज्ज्ञ, म्युरिएल लेझॅक यांनी ही अडचण फार पूर्वी दाखवून दिली होती. त्यातून ‘मला काही झालेलं नाही’ असं तो मनापासून सांगतो, कारण स्वतःतला बदल न कळणं हाही इजेचाच भाग असू शकतो. मग सासरचे त्याच्यावर विश्वास ठेवतात आणि खोटी ठरते ती बायको.

संसाराबद्दल संशोधक जेफ्री क्रॉइट्झर यांच्या गटाने अमेरिकेत 120 विवाहित रुग्णांचा मागोवा घेतला. इजेनंतर अडीच ते आठ वर्षांनी त्यातले 75 टक्के संसार टिकून होते (2007).

अशा घरात कुणी असेल, तर पुढच्या फॉलोअपला डॉक्टरांकडे पाच मिनिटं वेगळी मागून घ्या. कधी, काय चालू असताना, काय घडलं ते कागदावर लिहून न्या आणि न्यूरोसायकॉलॉजिकल तपासणीबद्दल स्पष्ट विचारा.