‘फरक फक्त वृत्तीचा’ हे खरं नाही

देश श्रीमंत किंवा गरीब का होतात, हे सांगणारा एक मेसेज गेली कित्येक वर्षं व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. मजकूर थोडक्यात असा: भारत आणि इजिप्त हजारो वर्षं जुने, तरी गरीब. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड दीडशे वर्षांपूर्वी कुणाच्या खिजगणतीत नव्हते, आज श्रीमंत. म्हणजे देशाचं वय महत्त्वाचं नाही. जपानची ऐंशी टक्के जमीन डोंगराळ, स्वित्झर्लंडमध्ये कोको पिकत नाही, तरी दोघेही पुढे. म्हणजे साधनसंपत्तीही महत्त्वाची नाही. स्वदेशात आळशी ठरलेली माणसं परदेशात जाऊन उत्तम काम करतात. म्हणजे वंशाचा, वर्णाचाही प्रश्न नाही. उरते ती वृत्ती: प्रामाणिकपणा, कायद्याचा आदर, कामाची आवड, बचत, वक्तशीरपणा. श्रीमंत देशांत बहुतेक लोक ही तत्त्वं पाळतात, गरीब देशांत मूठभर.

लोक हा मेसेज चांगल्या हेतूनेच पुढे पाठवतात. पण त्यातला जवळजवळ प्रत्येक दाखला एकतर चुकीचा आहे, नाहीतर निष्कर्षाच्या उलट साक्ष देतो. आणि निष्कर्ष काय, तर गरीब माणूस स्वतःच्या स्वभावामुळे गरीब आहे. हे मला पटत नाही, आणि गप्प बसून सोडून देण्यासारखंही वाटत नाही.

पहिला मुद्दा वयाचा. दीडशे वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलिया मागासलेला नव्हता, उलट तेव्हाच दरडोई उत्पन्नात जगात अगदी वरच्या रांगेत होता. १८५१ साली व्हिक्टोरियात सोनं सापडलं, आणि लोकर ब्रिटनच्या गिरण्यांना जात होती. न्यूझीलंडमधून १८८२ साली ‘डनिडिन’ हे जहाज गोठवलेलं मांस घेऊन लंडनला पोचलं आणि त्या देशाला कायमचं गिऱ्हाईक मिळालं. या वसाहतींना ब्रिटिश भांडवल मिळालं, ब्रिटिश बाजार मिळाला, स्वतःचं सरकार मिळालं. जमीन मिळाली ती मूळ रहिवाशांकडून हिसकावलेली. त्याच साम्राज्यात भारताच्या वाट्याला काय आलं, ते स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच जनगणनेत दिसतं: १९५१ साली साक्षरता जेमतेम १८ टक्के.

इजिप्तचंही तेच. तिथला राज्यकर्ता मुहम्मद अली याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कापडाचे कारखाने काढले होते. ब्रिटन आणि ऑटोमन साम्राज्य यांच्यातल्या १८३८ च्या तहाने ब्रिटिश मालाला दारं उघडली गेली. पुढे देश कर्जात बुडाला, १८७५ मध्ये सुएझ कालव्यातले शेअर ब्रिटनला विकावे लागले आणि १८८२ मध्ये ब्रिटिश फौजाच आल्या. म्हणजे मेसेजमधले ‘तरुण’ आणि ‘म्हातारे’ देश एकाच सत्तेखाली होते, फक्त वागणूक दोन तऱ्हेची मिळाली. दादाभाई नौरोजी आणि न्यायमूर्ती रानडे यांनी ही गोष्ट त्याच काळात आकड्यांनिशी मांडली होती. आपल्या सामाजिक दोषांवर रानड्यांइतकं परखड क्वचितच कुणी बोललं असेल, पण भारतीयांचा स्वभाव सुधारला की उद्योग आपोआप उभे राहतील, असं त्यांनी मानलं नाही. जर्मनीसारखी सरकारने उद्योगाला मदत करावी, हा त्यांचा आग्रह होता.

साधनसंपत्तीचं काय? बोट्स्वाना १९६६ साली स्वतंत्र झाला तेव्हा जगातल्या सर्वांत गरीब देशांपैकी एक होता. पुढच्याच वर्षी ओरापा इथे हिऱ्यांची खाण सापडली. त्याआधीच पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांच्या सरकारने खनिजांचे हक्क जमातींकडून राष्ट्राकडे आणले होते. मग डी बिअर्स या हिऱ्यांच्या कंपनीशी वाटाघाटी करून निम्मी भागीदारी मिळवली आणि तो पैसा रस्ते, शाळा, दवाखान्यांत घातला. काँगोतही हिरे आहेत, तांबं आहे, कोबाल्ट आहे. पण तिथे आधी बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याने रबरासाठी लोकांचे हाल हाल केले, १९६१ मध्ये पदावरून हटवलेले पहिले पंतप्रधान लुमुंबा यांचा खून झाला, आणि नंतर तीन दशकं हुकूमशहा मोबुटूने देश लुटला. जमिनीखाली काय आहे याला महत्त्व आहेच, पण त्याची किल्ली कुणाच्या हातात आहे यावर पुढचं सगळं ठरतं. शिवाय कतार आणि कुवेत कशाने श्रीमंत झाले, यावर मेसेज अवाक्षर काढत नाही.

आता स्वित्झर्लंड. हा दाखला लोकांना सर्वांत जास्त आवडतो, म्हणून जरा थांबून पाहू.

जगातला जवळपास निम्मा कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत पिकतो, हे खरं. दुधाचं चॉकलेट १८७५ च्या सुमारास व्हेवे या स्विस गावात डॅनियल पीटरने बनवलं, हेही खरं. त्याच गावात नेस्लेचा दुधाच्या पदार्थांचा कारखाना होता. १८८२ मध्ये आल्प्स पर्वतातून जाणारा गोटहार्डचा रेल्वे बोगदा सुरू झाला. दोन्ही महायुद्धांत देश तटस्थ राहिला आणि शेजाऱ्यांचे कारखाने बेचिराख होत असताना स्वित्झर्लंडचे शाबूत राहिले. यात कष्ट आहेत, हुशारी आहे, आणि मोक्याची जागाही आहे.

पण ‘कायद्याचा आणि दुसऱ्याच्या हक्काचा आदर’ या तत्त्वाला हाच देश उदाहरण म्हणून चालेल का? स्वित्झर्लंडने १८८८ साली पेटंटचा कायदा केला, तो फक्त यंत्रांपुरता. रासायनिक प्रक्रिया त्यातून बाहेर ठेवल्या, त्यामुळे बाझल या स्विस शहरातल्या रंग कंपन्यांना जर्मनांचे शोध बिनदिक्कत वापरता येत होते. जर्मनीने आयात शुल्काची धमकी दिली तेव्हा कुठे १९०७ मध्ये कायदा बदलला. तोवर बाझलचा रसायन उद्योग पायावर उभा राहिला होता, आणि आजच्या बलाढ्य स्विस औषध कंपन्या त्यातूनच वाढल्या.

मेसेज पुढे म्हणतो की सुरक्षित, शिस्तबद्ध प्रतिमेमुळे हा देश जगाची तिजोरी झाला. त्या तिजोरीत पैसा कुणाचा होता? १९३४ च्या कायद्याने बँकेची गुप्तता फोडणं हा गुन्हा ठरवला. त्या आडोशाला नायजेरियाचा हुकूमशहा सानी अबाचा याने लुटलेला पैसा ठेवला गेला. त्यातले सुमारे ७० कोटी डॉलर स्वित्झर्लंडने पुढे परत केले, तेही वर्षानुवर्षांच्या खटपटीनंतर. फिलिपिन्सचा हुकूमशहा मार्कोस याचा पैसाही तिथेच होता. मोबुटूच्या गोठवलेल्या खात्यांतले सुमारे ७७ लाख फ्रँक तर २००९ मध्ये कायदेशीर मुदत संपल्यामुळे त्याच्या वारसांकडे गेले, काँगोच्या जनतेकडे नव्हे. गरीब देशाच्या भ्रष्टाचाराला श्रीमंत देशात खातं लागतं. ‘वृत्ती’ मोजायची तर दोन्हीकडची मोजा.

जपानबद्दल एवढंच: १९१५ च्या सुमारास जपानी कारखाने पाहून आलेल्या एका ऑस्ट्रेलियन सल्लागाराचं मत होतं की हे लोक निवांत आहेत, त्यांना वेळेची पर्वा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटिश प्रवासी जर्मनांनाही मंद आणि आळशी म्हणत. ज्या दोन समाजांची शिस्त आपण आज वाखाणतो, त्यांच्याबद्दलचं हे मत. कारखाने आले, शाळा आल्या, भोंग्यावर चालणारं काम आलं, आणि सवयी त्यामागून आल्या.

मग ती गुणांची यादी. बचत? भारताची देशांतर्गत बचत राष्ट्रीय उत्पन्नाच्या तीस टक्क्यांच्या आसपास असते, अमेरिकेची वीसच्याही खाली. कष्ट? भारतीय कामगार आठवड्याला सरासरी ४६-४७ तास राबतो, तर जर्मन कामगाराचे वर्षाचे तास विकसित देशांत सर्वांत कमी आहेत. वक्तशीरपणा? मुंबईचे डबेवाले पाहा. मावळ, खेड, जुन्नर, आंबेगावातून आलेली ही माणसं सकाळी घरोघरी डबे उचलतात, स्टेशनवर झाकणावरच्या खुणा बघून लावतात, भरलेली पाटी डोक्यावर घेऊन लोकलच्या लगेजच्या डब्यात चढतात आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत डबा टेबलावर पोचवतात. १८९० पासून हे चाललं आहे. मेसेजमधले सगळे गुण त्यांच्या अंगी आहेत. तरी त्यांच्यातले बहुतेक काही श्रीमंत झालेले नाहीत, कारण कमाई एकट्याच्या गुणांवर ठरत नाही. हाताशी यंत्रं कोणती, रस्ते कसे, गिऱ्हाइकाच्या खिशात किती, यावर ती ठरते.

परदेशी जाणाऱ्यांचा दाखला तर मेसेजवरच उलटतो. रत्नागिरीचा वेल्डर आखातात गेला की तोच हात, तेच काम, आणि मजुरी कितीतरी पट. विमानात बसल्यावर त्याची वृत्ती बदलली का? बदलला फक्त देश.

कोरियाइतका लख्ख पुरावा तर दुसरा नाही. भाषा एक, संस्कार एक, वृत्ती एक. १९४५ मध्ये ३८ व्या अक्षांशावर रेघ ओढली गेली. तेव्हा जलविद्युत, खतं, अवजड उद्योग बहुतेक उत्तरेत होते. मे १९४८ मध्ये उत्तरेने वीज तोडली आणि दक्षिण अंधारात गेली. पुढे दक्षिणेत जमीन सुधारणा झाली, कुळांना जमिनी मिळाल्या, शिक्षण सर्वदूर पोचलं. १९६५ च्या करारातून जपानकडून आलेल्या पैशातला मोठा वाटा पोहांगच्या पोलाद कारखान्यात गेला, आणि निर्यात करून दाखवणाऱ्या कंपन्यांनाच स्वस्त कर्ज मिळालं. आज बँक ऑफ कोरियाच्या अंदाजानुसार दक्षिणेचं दरडोई उत्पन्न उत्तरेच्या जवळपास तीसपट आहे.

प्रामाणिकपणाला किंमत नाही, असं कुणीही म्हणणार नाही. प्रश्न आहे तो येतो कुठून. सिंगापूरमध्येही एके काळी लाच हा रोजचा व्यवहार होता. तिथे १९५२ मध्ये भ्रष्टाचाराच्या तपासासाठी स्वतंत्र खातं काढलं, १९६० मध्ये कडक कायदा केला, आणि तो खालच्या कारकुनापासून मंत्र्यापर्यंत लावला. २०२४ मध्ये माजी परिवहन मंत्री एस. ईश्वरन यांना भेटवस्तू स्वीकारल्याबद्दल आणि तपासात अडथळा आणल्याबद्दल १२ महिन्यांची कैद झाली.