काटकुळ्या मुलीला ‘वजन कमी कर’ म्हणणारा तो मेसेज

“मुलीची मान काळी पडली, पाळी चुकते, हनुवटीवर केस येतात? कारण एकच, लठ्ठपणा. खाणं आवरा, तीन महिन्यांत सगळं ठीक.” हा मेसेज घरोघरच्या फोनवर फिरतोय. पुष्कळ मुलींच्या बाबतीत वजनाचा संबंध असतो, हे खरं. ‘कारण एकच’ हे मात्र साफ चूक आहे.

अंगाने बारीक, तरी रक्तात इन्सुलिन प्रचंड, अशा मुलींचं वर्णन अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९७६ सालीच केलं. त्याला ‘टाइप ए’ इन्सुलिन रेझिस्टन्स, म्हणजे इन्सुलिनला शरीराने दाद न देणं, म्हणतात. इन्सुलिनचा निरोप पेशीला ज्या रिसेप्टरमार्फत मिळतो, त्याच्याच जनुकात दोष असतो. निरोप पोचत नाही म्हणून स्वादुपिंड इन्सुलिन ओतत राहतं. ते जादा इन्सुलिन बीजकोषांना पुरुषी हार्मोन जास्त करायला लावतं आणि मानेची, काखेची कातडी जाड, काळी करतं. तो मळ नव्हे. लिंबू नि डाळीचं पीठ लावून मान सोलवटणाऱ्या आयांनो, कृपा करून थांबा.

“साखर नॉर्मल आहे, मग काळजी नको.” स्वादुपिंड जोर लावतंय तोवर साखर कित्येक वर्षं नॉर्मल राहू शकते. उपाशीपोटीचं इन्सुलिन मोजल्याशिवाय हे कळत नाही.

“घरात कुणाला नाही, म्हणजे आनुवंशिक नाही.” दोष वडिलांकडूनही आलेला असू शकतो. पुरुषाला ना पाळी, ना हनुवटीवरच्या केसांचं नवल. त्याच्यात तो वर्षानुवर्षं लपून राहतो.

आणखी एक प्रकार तर सर्रास नजरेतून सुटतो, तो म्हणजे लिपोडिस्ट्रॉफी, अंगावरची चरबी जागोजागी नाहीशी होण्याचा आजार. एलएमएनए जनुकात दोष असलेल्या मुलीच्या हातापायांवरची चरबी वयात येताना विरते, शिरा नि स्नायू उठून दिसतात. चेहरा आणि मान मात्र भरतात. लोक म्हणतात, काय कमावलेलं शरीर आहे! चरबीला साठायला जागाच नसल्याने ती यकृतात आणि रक्तात जाते. रक्तातली ही चरबी, म्हणजे ट्रायग्लिसराइड, फार चढली तर स्वादुपिंडाला सूज येते, आणि ती जिवावर बेतू शकते. रिसेप्टरच्या दोषात ट्रायग्लिसराइड सहसा वाढत नाहीत, म्हणून ही साधी तपासणीसुद्धा पुढची दिशा दाखवते.

पथ्य इथेही लागतं, लिपोडिस्ट्रॉफीत तर तेलातुपावर कडक लक्ष हवं. पण सोबत मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचं औषध लागतं, मधुमेह झाला तर काहींना दिवसाला शेकडो युनिट इन्सुलिन लागतं. एवढं करणाऱ्या मुलीला “तू मनावर घेत नाहीस” असं कुणी म्हणू नये.