‘घातक जनुक’ सापडले म्हणून हिरड्यांचे उपचार थांबवायचे?

माझ्या मावशीने हिरड्यांच्या उपचाराची ठरलेली वेळ रद्द केली, आणि त्याला निमित्त झाला व्हॉट्सॲपवर फिरणारा एक संदेश. हिरड्यांचा आजार करणाऱ्या जंतूचे ‘घातक जनुक’ सापडले आहे, लाळेच्या तपासणीत ते आढळले की दात पडणारच, तेव्हा दात साफ करून घेणे व्यर्थ, असे त्यात ठासून सांगितले आहे. जोडीला दंतवैद्यांनी दडवलेली लस आहे आणि स्मृतिभ्रंशाची भीतीही आहे.

हे जनुक म्हणजे फिमए. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस या जीवाणूच्या पृष्ठभागावर केसांसारखे बारीक तंतू असतात आणि त्यांचे मुख्य प्रथिन या जनुकावरून बनते. त्या तंतूंच्या आधाराने जीवाणू हिरडीच्या पेशींना आणि दातांवरच्या थरातील इतर जीवाणूंना चिकटतो. जनुकाच्या रचनेतील फरकांवरून त्याचे एक ते पाच आणि एक-बी असे सहा प्रकार मानले जातात. यांपैकी दुसरा प्रकार रुग्णांमध्ये अधिक आढळतो, एवढे मात्र मान्य करावे लागते. परंतु जपानमधील अमानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ज्या 2000 सालच्या अभ्यासात हे ठळकपणे दिसले, त्याच अभ्यासात सुमारे 87 टक्के रुग्णांबरोबरच हिरड्या निरोगी असलेल्या सुमारे 37 टक्के प्रौढांच्या तोंडातही हा जीवाणू सापडला होता, आणि या निरोगी प्रौढांत बहुतांशी पहिला प्रकार होता. संदेशात प्रकारांचा उल्लेखही नाही. त्याच्या हिशेबाने या निरोगी माणसांचेही दात पडणारच होते! दुसरीकडे, याच जीवाणूच्या डब्ल्यू83 या वाणावर हे तंतू जेमतेम असतात, तरीही प्राण्यांवरील प्रयोगांत तो चांगलाच घातक ठरतो, कारण प्रथिने तोडणारी जिंजिपेन ही विकरे (एन्झाइम) आणि बाहेरचे कवच ही त्याची हत्यारे निराळीच आहेत.

बरे, तपासणीत दुसरा प्रकार निघाला असे धरले, तरी त्यावरून दात साफ करू नयेत हा निष्कर्ष कोणत्या तर्काने निघतो? जनुक कोणतेही असो, हा जीवाणू हिरडी आणि दात यांच्यामधल्या फटीत, प्राणवायू जवळजवळ नसलेल्या जागी, इतर जंतूंच्या चिकट थरातच वाढतो, आणि स्केलिंगमध्ये, म्हणजे दंतवैद्याकडच्या सफाईत, नेमका तो थर व त्याला आसरा देणारे कीटण खरवडून काढले जाते. अधिक चिवटपणे चिकटणारा जंतू तोंडात असेल, तर सफाई टाळण्याचे नव्हे, वेळच्या वेळी करून घेण्याचे कारण वाढते. ती टाळली, तर दाताला धरून ठेवणारे हाड झिजत जाते, आणि गेलेले हाड सहसा आपोआप भरून येत नाही.

लसीविषयी थोडक्यात: पृष्ठभागावरील प्रथिनांवर आधारलेल्या लसींचे प्रयोग प्राण्यांवर झाले आहेत, माणसांच्या हिरड्यांच्या आजारावर मान्यताप्राप्त लस नाही. एका प्रकाराविरुद्धची प्रतिपिंडे दुसऱ्या प्रकारालाही तितकीच ओळखतील याची खात्री नसणे, ही त्यातली एक अडचण आहे.

स्मृतिभ्रंशाचा मुद्दा 2019 च्या एका शोधनिबंधावरून उचललेला दिसतो. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत जिंजिपेन आढळल्याचे त्यात नोंदवले होते. मात्र ती विकरे रोखणाऱ्या औषधाची माणसांवर मोठी चाचणी झाली, तेव्हा 2021 मध्ये हाती आलेल्या निकालांत ते औषध मुख्य निकषांवर उतरले नाही. संदेश लिहिणाऱ्याने निबंध तेवढा घेतला आणि चाचणी वगळली.