दोघांना एकच स्वप्न पडलं? सकाळी आधी कोण बोललं ते सांगा

‘स्वप्न आता एकट्याचं राहिलं नाही’ अशा मथळ्याचा एक मेसेज नागपुरातल्या सोसायट्यांच्या, शाळासोबत्यांच्या आणि सकाळी फुटाळ्यावर फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपांवर पुन्हा पुन्हा येतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कॅलिफोर्नियात दोन माणसं स्वप्नात एकमेकांशी बोलली. जपान्यांनी स्वप्न रेकॉर्ड करणारं यंत्र बनवलं. अमेरिकेतल्या एका इस्पितळात स्वप्नातली टेलिपथी सिद्ध झाली. एका खोलीत झोपणाऱ्यांच्या मेंदूचे तरंग जुळतात आणि त्यांना एकच स्वप्न पडतं. शिवाय हे सगळं आपल्या मांडूक्य उपनिषदात आधीच सांगितलेलं आहे. सगळ्यात खाली शिबिरासाठी फोन नंबर.

यावर शंका काढली की उत्तर येतं, ‘नावानिशी देऊन राह्यले ना बावा, खोटं कसं असन?’ अडचण तिथेच आहे. यातली बरीच नावं आणि प्रयोग खरे आहेत. खोटं घुसलंय ते त्या प्रयोगांतून काढलेल्या निष्कर्षात. म्हणून एकेक दावा उघडून बघू.

कॅलिफोर्नियाचं आधी, कारण सगळा मेसेज त्यावर उभा आहे. रेमस्पेस नावाच्या कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये ही घोषणा केली. प्रयोग २४ सप्टेंबरचा. कंपनीने स्वतः सांगितलेली हकीकत अशी. दोघं आपापल्या घरी झोपलेले, अंगावर सेन्सर, आणि दुरून त्यांच्या झोपेवर लक्ष ठेवणारा सर्व्हर. दोघांनाही ल्युसिड ड्रीमिंगची, म्हणजे स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ हे कळण्याची सवय होती. पहिला तशा स्वप्नात शिरल्याचं सर्व्हरने ओळखलं आणि त्याच्या कानातल्या इयरफोनवर एका कृत्रिम भाषेतला शब्द ऐकवला. त्याने तो स्वप्नात उच्चारला, सेन्सरांनी टिपला, सर्व्हरने साठवला. आठ मिनिटांनी दुसरी व्यक्ती तशाच स्वप्नात गेली. तिच्या इयरफोनवर तो शब्द वाजला आणि जाग आल्यावर तिने तो सांगितला.

आता यात ‘एकत्र’ काय होतं? दोन स्वप्नं, दोन घरं, मध्ये आठ मिनिटं आणि एक सर्व्हर. हा झोपेत मिळालेला व्हॉइस मेसेज झाला. पहिल्याच्या स्वप्नात काय दिसत होतं, रस्ता की समुद्र, याचा दुसऱ्या व्यक्तीला पत्ताही नव्हता. तिला पोचला तो एक आवाज, आणि तोही कानातूनच. शिवाय घोषणा झाली तेव्हा तज्ज्ञांनी तपासलेला शोधनिबंध सोबत नव्हता. कंपनी स्वतः या क्षेत्रातली उपकरणं विकायला निघालेली आहे, हेही लक्षात ठेवावं.

याच विषयातलं भक्कम काम वेगळं आहे, आणि मेसेज लिहिणाऱ्याला त्याची गरज वाटली नाही. झोपलेला माणूस बाहेरच्यांना उत्तर देऊ शकतो, हे त्यात दाखवलं गेलं. आरईएम झोपेत (डोळे भराभर हलतात ती ठळक स्वप्नांची झोप, जी १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठात आसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी जगापुढे आणली) शरीराचे स्नायू जवळजवळ लुळे असतात, पण डोळे हलतात. त्यामुळे ठरवून ठेवलेली डोळ्यांची हालचाल हा स्वप्नातून बाहेर पडायचा सगळ्यात सोयीचा दरवाजा. २०२१ मध्ये अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्समधल्या चार प्रयोगशाळांनी मिळून ३६ जणांवर हे करून पाहिलं. झोपलेल्याला विचारायचं, आठातून सहा गेले किती? त्याने डोळे दोनदा डावी-उजवीकडे फिरवायचे. भान असलेल्या स्वप्नात विचारलेल्या १५८ प्रश्नांपैकी १८.४ टक्क्यांना बरोबर उत्तर आलं, सुमारे ६१ टक्क्यांना काहीच आलं नाही. मला हे फार मोठं काम वाटतं. पण हे बोलणं झोपलेला आणि जागा यांच्यातलं. दोन स्वप्नं यात एकमेकांना कुठेच भेटत नाहीत.

जपानचं यंत्रही खरं, फक्त ते ‘रेकॉर्ड’ करत नाही. क्योटोच्या कामितानी यांच्या गटाने २०१३ मध्ये तीन जणांना एमआरआयमध्ये झोपवलं, डोळा लागताच उठवून काय दिसलं ते विचारलं, आणि हे प्रत्येकी सुमारे दोनशे वेळा. मग त्याच माणसाला जागेपणी चित्रं दाखवून त्याच्या मेंदूचे नमुने संगणकाला शिकवले. त्यावरून संगणक दोन पर्यायांतला बरोबर पर्याय साधारण साठ टक्के वेळा ओळखू लागला. नाणं उडवून पन्नास टक्के येतातच. आणि अभ्यास होता डोळा लागतानाच्या दृश्यांचा, आरईएममधल्या लांबलचक स्वप्नांचा नव्हे. यातली खरी महत्त्वाची गोष्ट मेसेजच्या उलट जाते: संगणकाला प्रत्येकाचा मेंदू वेगळा शिकवावा लागला. एका डोक्यातली खूण दुसऱ्या डोक्यात जशीच्या तशी लागू पडत असती, तर इतके उपद्व्याप कशाला करावे लागले असते?

इस्पितळातली टेलिपथी म्हणजे ब्रुकलिनच्या मायमोनिडीझ वैद्यकीय केंद्रातले १९६० आणि ७०च्या दशकांतले प्रयोग. ते करणारे माँटेग्यू उलमन आणि स्टॅन्ली क्रिप्नर हे दोघे प्रामाणिक माणसं होती, एवढं म्हणायला मला हरकत वाटत नाही. एकाने चित्र बघत ते ‘पाठवायचं’, दुसऱ्याने झोपायचं, स्वप्न सांगायचं, मग परीक्षकांनी स्वप्न आणि चित्र जुळवायचं. १९७१ मध्ये तर एका रॉक बँडच्या कार्यक्रमाला आलेल्या सुमारे दोन हजार प्रेक्षकांकडून ब्रुकलिनमध्ये झोपलेल्या माणसाला चित्र ‘पाठवून’ घेतलं. त्यांना यश मिळाल्यासारखं वाटलं. पण त्याच वर्षी बेल्व्हेडेर आणि फूक्स यांनी हा प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा तो जमला नाही, आणि त्यांनी तसं छापलं. पुढची पन्नास वर्षं कोणत्याही स्वतंत्र प्रयोगशाळेला हे भरवशाने करून दाखवता आलेलं नाही. मेसेजमध्ये पहिला अर्धा भाग आहे, दुसरा नाही.

मधे एक फोटोही चिकटवलेला असतो: जाड भुवयांचा, रुंद ओठांचा एक टकला माणूस, ‘जगभर हजारो लोकांच्या स्वप्नात आलेला’. तो आन्द्रेया नातेल्ला या इटालियन माणसाने २००८च्या सुमारास वेबसाइट काढून रचलेला बनाव होता. पुढे.

‘मेंदूचे तरंग जुळतात’ हे वाक्य ऐकायला शास्त्रीय वाटतं, म्हणून यावर थोडं थांबू. ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युत तरंगांचा आलेख, काढताना टाळूवर जेल लावून तारा चिकटवतात, कारण तिथे मिळणारा विद्युतदाब व्होल्टच्या लाखाव्या भागाच्या घरातला असतो. मेंदूचं चुंबकीय क्षेत्र तर पृथ्वीच्या क्षेत्राच्या कोट्यवधीव्या हिश्शाइतकं. ते मोजायला खास कवच असलेली खोली लागते. शेजारच्या पलंगावरच्या माणसाच्या कवटीत ते शिरून तिथे चित्र उमटवेल, तेही पंखा, फ्रिज आणि मोबाइल चालू असताना, याला भौतिकशास्त्रात जागा नाही. दोघांचेही तरंग आरईएममध्ये सारखे दिसतात हे खरं. ते सगळ्यांचेच सारखे दिसतात, तुमचे आणि पेरूमधल्या माणसाचेही.

तरी एका खोलीतल्या दोघांना सारखं स्वप्न पडूच शकत नाही का? पडू शकतं, आणि याचं उत्तर नागपूरकरांच्या खिडकीत बसवलेलं असतं. विल्यम डिमेंट आणि एडवर्ड वोल्पर्ट यांनी १९५८ मध्ये आरईएममध्ये असलेल्या लोकांवर पाण्याचे शिंतोडे उडवले. ४२ टक्के वेळा स्वप्नात पाणी आलं. प्रकाश पाडला तेव्हा २३ टक्के, आवाज केला तेव्हा ९ टक्के. मे महिन्यात आपल्याकडे सगळं घर एका खोलीत कूलरसमोर झोपतं. वाळ्याची टट्टी ओली, अधूनमधून तोंडावर थेंब, पहाटे लाइट गेली की एकदम उकाडा. आजीला अंबाझरीचा पूर दिसला आणि नातवाला रामटेकच्या वाटेवरचा पाऊस, तर दोघांच्यात सामाईक होता तो कूलर. त्यांच्या मनांमध्ये काही जोडलं गेलं असं मानायचं कारण नाही.

आता सगळ्यात नाजूक मुद्दा, कारण इथे लोक आपल्या घरातला अनुभव सांगतात. ‘मला आणि मिसेसला एकच स्वप्न पडलं, डिट्टो!’ सांगणारा खोटं बोलत नसतो. पण मी अशांना नेहमी एकच विचारतो: सकाळी आधी कोण बोललं? जाग आल्यावर काही मिनिटांत स्वप्न विरायला लागतं, जे उरतं ते तुकडे. अशा वेळी एकाने सांगितलं, ‘मोठा वाडा होता, जिना होता’, की दुसऱ्याच्या तुकड्यांना वाडा मिळतो. ही शंका नुसती तर्कावर नाही. फिओना गॅबर्ट आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये जोड्यांना एकाच घटनेच्या दोन वेगवेगळ्या कोनांतून घेतलेल्या चित्रफिती दाखवल्या. प्रत्येकाला वाटत होतं की दोघांनी तेच पाहिलं. मग त्यांना आपसात बोलू दिलं. नंतर ७१ टक्के लोकांनी स्वतः न पाहिलेली, जोडीदाराकडून ऐकलेली एखादी तरी गोष्ट ‘मी पाहिली’ म्हणून लिहिली. हे जागेपणी, डोळ्यांनी पाहिलेल्या घटनेबद्दल. स्वप्न तर त्याहून कितीतरी पातळ.

त्यात स्वप्नांचे विषय मोजके. टोर नील्सन यांच्या गटाने २००३ मध्ये कॅनडातल्या ११८१ विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली: कोणीतरी पाठलाग करतंय हे ८१.५ टक्क्यांनी कधी ना कधी पाहिलेलं, पडणं ७३.८ टक्क्यांनी, शाळा-अभ्यासाचं ६७.१ टक्क्यांनी. पेपर सुरू झालाय आणि हॉल तिकीट सापडत नाही हे स्वप्न धरमपेठेत आणि पाचपावलीत एकाच रात्री दोन घरी पडलं, तर त्यात विशेष ते काय? हिशोबच करा. २०११च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या २४ लाख. माणशी रात्रीत चार-पाच वेळा आरईएमची फेरी होते. म्हणजे या एका शहरात रोज रात्री कोटीभर स्वप्नं. त्यांतली काही जुळलीच नाहीत तर ते नवल. जुळलेल्या गोष्टी ग्रुपवर येतात. ‘मला दात पडल्याचं दिसलं, हिला काहीच आठवत नाही’ असा मेसेज कोणी टाकत नाही.

शेवटी मांडूक्य. इथे मला राग येतो, कारण ज्यांच्या नावाने हे खपवलं जातं त्यांचं वाचण्याचे कष्टही घेतलेले नसतात. मांडूक्याने स्वप्नावस्थेला ‘अन्तःप्रज्ञः’ म्हटलंय: आत वळलेलं भान. जागृतीला ‘बहिष्प्रज्ञः’. म्हणजे बाहेरचं, सगळ्यांना दिसणारं जग जागेपणाकडे, आणि स्वप्न ज्याचं त्याच्यापाशी. यावरच्या कारिकांत, म्हणजे श्लोकांतल्या विवेचनात, अद्वैताचे आचार्य गौडपाद यांनी तर आपल्या मेसेजला नेमकं उत्तर देऊन ठेवलंय. चौथ्या प्रकरणातली पस्तिसावी कारिका:

मित्राद्यैः सह संमन्त्र्य संबुद्धो न प्रपद्यते।
गृहीतं चापि यत्किंचित्प्रतिबुद्धो न पश्यति॥

स्वप्नात मित्रांशी मसलत केली, पण जागं झाल्यावर ती झालेली आढळत नाही. स्वप्नात हाती घेतलेलं जागेपणी दिसत नाही. गौडपादांना यातून पुढे जाग्या जगाच्या खरेपणावरच प्रश्न उभा करायचा आहे, तो वाद वेगळा. पण त्या वादाचा पायाच असा की स्वप्नातल्या भेटीला समोरचा माणूस दुजोरा देत नाही, हे सगळ्यांना मान्य आहे. ते सिद्ध करायचीही त्यांना गरज वाटली नाही. शिबिरवाले त्यांच्याच नावाने नेमकं उलटं विकताहेत.

कथांचं म्हणाल तर उषेला स्वप्नात अनिरुद्ध दिसला. भागवतात अनिरुद्ध त्या वेळी द्वारकेत झोपलेला, चित्रलेखा त्याला उचलून आणते. त्याला उषा दिसली असं तिथे म्हटलेलं नाही. तुकोबांना नामदेवांनी स्वप्नात येऊन अभंग रचायला सांगितलं; नामदेवांना जाऊन तेव्हा अडीचशेहून अधिक वर्षं झाली होती. दोन्ही बाजूंनी जुळणारं स्वप्न हवंच असेल तर लोककथेतला हरिश्चंद्र घ्या: स्वप्नात राज्य दान दिलं आणि सकाळी विश्वामित्र मागायला हजर. त्या गोष्टीत राजाचं मोठेपण हेच की त्याने पुरावा मागितला नाही. आपल्याकडून मात्र शिबिराची फी मागितली जातेय.

कोणाला तरीही वाटत असेल की आपल्यात काहीतरी आहे, तर तपासायला पैसे लागत नाहीत. याच गावात जानेवारी २०२३ मध्ये अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे श्याम मानव यांनी मनातलं ओळखण्याच्या दाव्यावर ३० लाखांचं आव्हान जाहीर केलं, तेव्हा कशाला बरोबर म्हणायचं हे आधीच ठरवून दिलं होतं. स्वप्नांनाही तेच लावायचं. एकाने मनीषनगरात झोपावं, दुसऱ्याने जरीपटक्यात. एक कूलर नको, एक सिनेमा नको, रात्री फोन नको. उठल्या उठल्या, कोणाशीही बोलण्याआधी, स्वप्न कागदावर, तारखेऐवजी फक्त आपल्याला कळेल अशी खूण, आणि पाकीट बंद. क्रिकेटची मॅच किंवा वादळ झालेली रात्र सोडून द्यायची, कारण ती दोघांच्याही कागदांत येणार. अशा दहा रात्री झाल्या की दोघांचे गठ्ठे पिसून तिसऱ्याला द्यायचे, ज्याला दोघांपैकी कोणी ओळखत नाही, आणि जोड्या लावायला सांगायच्या. डोळे झाकून लावल्या तरी सरासरी एक जोडी बरोबर येते. चार किंवा जास्त येण्याची शक्यता शंभरात साधारण दोन. तेवढ्या आल्या तर लगेच शिबिर उघडू नका. आणखी दहा रात्री करा, तिसरा माणूस बदलून.