मुळ्या फुटल्या, पण पानं कुठे आहेत?

शेवंती कळ्या धरते ती रात्री लांब झाल्या की, म्हणून तिला हवं तेव्हा फुलवायला काळं कापड टाकून काळोख देतात. तिची कटिंग (शेंड्याचे छाटलेले तुकडे) लावणाऱ्यांमध्ये सध्या एक सल्ला जोरात फिरतोय. त्याचा गोषवारा असा: कटिंगला मुळ्या फुटल्या की त्याच दिवसापासून रोज बारा-तेरा तास काळोख द्यायला लागा. कटिंग मोठ्या झाडाचं असल्यामुळे ते वयात आलेलंच असतं, मग ते तीन-चार आठवडे नुसतं वाढवण्यात वेळ फुकट कशाला घालवायचा? वाढ काय, कळ्या धरतानाही होतेच. आणि रात्री थोडाफार उजेड पडला तरी काही बिघडत नाही.

‘वयात आलेलं’ हे बरोबर आहे. बियांपासून आलेल्या रोपाला फुलण्याआधी बालपण काढावं लागतं. शेंड्याच्या कटिंगला ते नसतं. मुळ्या फुटल्याबरोबर रात्र लांब केली तर कळी येईल, नाही असं नाही. पण कळी येणं वेगळं आणि झाड फुलणं वेगळं. रात्र किती लांब आहे हे ना शेंडा मोजतो, ना मूळ. मोजतं ते पान. 1930च्या दशकात चैलाख्यान या रशियातल्या शास्त्रज्ञाने शेवंतीवरच हे दाखवून दिलं. त्याने झाडाच्या वरच्या भागातली पानं काढून टाकली. खालच्या पानांना लहान दिवस (म्हणजे लांब रात्र) दिला आणि उघड्या शेंड्याला मोठा, तर झाड फुललं. उलट केलं, तर फुललं नाही. आता वाळूतून नुकतं उपटलेलं कटिंग बघा. चार-पाच पानं, तीही आईच्या अंगावरची, दोन-तीन आठवडे मुळ्या फुटेपर्यंत तग धरून कडेने पिवळी पडत चाललेली. एवढ्या भांडवलावर झाडाला फुलवायला निघणं म्हणजे घाईच.

‘वाढ कळ्या धरतानाही होते’ हा मुद्दा सगळ्यात फसवा, कारण डोळ्यांना तसंच दिसतं. लांब रात्री सुरू झाल्या की थोड्याच दिवसांत शेंडा नवी पानं घडवायचं थांबवतो आणि कळी घडवायला घेतो. त्यानंतर झाड उंच होतं ते आधीच तयार झालेल्या पेरांमधलं अंतर ताणून. पेरांची संख्या तिथेच गोठलेली असते. आणि फुटवे निघतात ते पानाच्या बेचक्यातून, म्हणजे पानं जेवढी तेवढीच फुटव्यांची कमाल. मी स्वतः एकाच झाडाच्या दोन कटिंगवर हे करून बघितलंय. एकाला मुळ्या फुटताच काळोख दिला. ते वीतभर उंचीवर थांबलं, टोकाला तीन फुलं, त्यातलं एक वाकडं. दुसऱ्याला आधी चार आठवडे मोठा दिवस दिला, मध्ये एकदा शेंडा खुडला. त्याला पाच फुटवे आले आणि प्रत्येकावर झुबका. पहिलं आधी फुललं हे मान्य, पण बघायला कोणी थांबलं नाही.

वेळेचा हिशेबही सरळ मांडू या. शेवंतीच्या बहुतेक जातींना लहान दिवस सुरू झाल्यापासून फुलायला सात ते अकरा आठवडे लागतात. जात नऊ आठवड्यांची असेल तर ते नऊ आठवडे काही केल्या चुकत नाहीत. वाचतात ते आधीचे तीन-चार आठवडे, आणि झाडाचा सगळा सांगाडा नेमका त्यांतच उभा राहतो. अर्थात सगळ्यांना चार आठवडे लागतात असंही नाही. लहान कुंडीत एका काडीवर एकच मोठं फूल हवं असेल तर आठ-दहा दिवसही पुरे होतात. खुडायचं असेल तर मात्र खुडल्यावर फुटवे दोन बोटं लांब होऊ द्या आणि मगच काळोख सुरू करा.

उलट्या बाजूचा अतिरेकही करू नका. बरीच पानं झाली की मोठ्या दिवसातही शेवंतीचा शेंडा एखादी कळी धरून बसतो. ती धड उमलत नाही आणि तिच्या खालून पट्टीसारखी अरुंद पानं निघतात. असं दिसलं तर तुम्ही उशीर केलात.

राहिला रात्रीचा उजेड. हे वाक्य कोणी लिहिलं असेल त्याने दिवा लावून शेवंती कधी रोखलेली नाही एवढं नक्की. व्यावसायिक लोक शेवंतीला फुलू द्यायचं नसतं तेव्हा रात्री दहा ते दोन साधे दिवे लावतात. बस, एवढ्यानं ती फुलत नाही. मधेच तोडलेली लांब रात्र झाडाला दोन लहान रात्रींसारखी वाटते. हॅम्नर आणि बॉनर यांनी 1938 साली झँथियम या तणावर हेच दाखवलं: दिवसात थोडा काळोख घुसवला तर फरक नाही, रात्रीत थोडा उजेड घुसवला की फुलणं बंद. माझ्या गॅलरीतल्या एका कुंडीत अर्धं झाड कळ्यांनी भरलं होतं आणि रस्त्यावरच्या दिव्याकडची बाजू नुसती हिरवीगार. कुंडी फिरवायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

काळं कापड टाकणार असाल तर अजून एक. उन्हं कलायच्या आत झाकलं तर आत उकडतं, आणि उकाड्यात शेवंतीची कळी रेंगाळते. मग नऊचे अकरा आठवडे होतात आणि दोष जातो जातीला.